चौदा पानं, दोन बर्नर

ऑफिसातली माणसं घरी जेवायला बोलवायची तर काय करावं, किती करावं आणि कधी करावं, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेक सांगली-साताऱ्याकडची असल्यामुळे उत्तरांत भाकरी, वांगी आणि कांदा-लसूण मसाला जरा जास्तच आहे. खाली ‘चमचा’ म्हणजे पोहे खायचा चमचा. चहाचा असेल तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. त्या संध्याकाळी शाखेतल्या चौदा जणांना घरी बोलावलं आहे. साडेसहा ते आठ कामाचं बोलणं, साडेआठला जेवण. घरी दोन बर्नरची शेगडी, पाच लिटरचा एक कुकर आणि हाताखाली फक्त सासूबाई. पुऱ्या, बटाट्याची भाजी, पनीर, भजी, मसालेभात आणि गुलाबजाम असा बेत ठरवला आहे. जमेल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

नाही जमणार. पदार्थ अवघड नाहीत, पण यातले तीन ऐन जेवणाच्या वेळी करावे लागतात. चौदा जणांना सत्तर पुऱ्या लागतात. एकीने लाटायच्या, दुसरीने तळायच्या म्हटलं तरी अर्धा-पाऊण तास मोडतो, आणि तेवढा वेळ एक बर्नर अडकतो. आधी तळून ठेवल्या तर वातड. भज्यांचं तेच. शिवाय आठपर्यंतच्या बोलण्यात तुम्हालाही बसायचं असणार. म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात भात लावणं आणि दोन भांडी गरम करणं, एवढंच उरेल असा बेत करा: अख्खा मसूर, भरली वांगी, ज्वारीची भाकरी, साधा भात, काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी आणि श्रीखंड. पाहुणे सगळे इकडचेच असतील तर पनीरची आठवणसुद्धा कोणी काढणार नाही.

भाकऱ्या घरी करू नका. माणशी दोन म्हणजे अठ्ठावीस, वर दोन जादा. एका भाकरीला नव्वद ग्रॅम पीठ आणि तव्यावर तीन मिनिटं धरली तर पावणेतीन किलो पीठ आणि दीड तास लागतो. जवळच्या पोळी-भाकरी केंद्रात किंवा बचत गटात दोन दिवस आधी सांगा आणि साडेसातची वेळ द्या. सहाला आलेल्या भाकऱ्या साडेआठपर्यंत कडक होतात. आल्याबरोबर स्टीलच्या डब्यात कोंबू नका. वाफेचं पाणी सुटून खालच्या भाकऱ्या चिकट होतात. दुरडीत किंवा टोपलीत सुती पंचा पसरून त्यात उभ्या-आडव्या मोकळ्या ठेवा आणि वरून पंचा दुमडा.

अख्खा मसूर माणशी पन्नास ग्रॅम, म्हणजे ७०० ग्रॅम. दुपारी दोनला भिजत घाला. पाच लिटरच्या कुकरमध्ये डाळी-कडधान्यं अर्ध्याच्या वर भरायची नसतात, फेस येऊन शिट्टीचं भोक तुंबतं. म्हणून ३५० ग्रॅमचे दोन घाणे लावा. भिजलेल्या मसुरावर दोन बोटं पाणी, मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्या. दाणा बोटाने सहज दबला पाहिजे, पण अख्खा राहिला पाहिजे. टोमॅटो कुकरमध्ये घालू नका. आंबटाने साल शिजत नाही, मग चार शिट्ट्या जास्त दिल्या की आतला गर फुटतो आणि साल तशीच राहते. बोअरच्या जड पाण्यातही असंच होतं, त्यामुळे शिजवायला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

मसाल्याला ६०० ग्रॅम कांदा बारीक चिरून, २०० मिलि तेल, दोन गड्डे लसूण आणि दोन इंच आलं वाटून, ३०० ग्रॅम टोमॅटो. एवढा कांदा लहान कढईत परतायला घेतला तर तळण्याऐवजी पाण्यात शिजतो आणि गोडसर लागतो. पसरट कढई घ्या, चिमूटभर मीठ घाला, वीस-पंचवीस मिनिटं द्या. कांदा तांबूस झाला की आलं-लसूण, मग टोमॅटो. तेल सुटल्यावर आच मंद करून पाच ते सहा चमचे कांदा-लसूण मसाला आणि लगेच दोन चमचे पाणी. हा मसाला आधीच भाजलेला असतो. तो नुसत्या तापल्या तेलात पडला की काही सेकंदांत काळा होतो, आणि तो कडवटपणा गुळानेही जात नाही. त्यात मीठही घातलेलं असतं, आणि ते प्रत्येक घरच्या मसाल्यात वेगळं असतं. त्यामुळे मसूर घालून एक उकळी आली की चव बघा, मीठ त्यानंतर. वाढायच्या आधी तुपात तांबूस केलेल्या दहा-बारा लसूण पाकळ्या वरून घातल्या की कराडकडच्या ढाब्यावरची चव येते.

वांगी काटेरी देठाची, लहान, एकसारखी घ्या. माणशी दोन म्हणजे अठ्ठावीस-तीस, साधारण सव्वा ते दीड किलो. मोठी-छोटी मिसळ आली तर छोटी विरघळतात तेव्हा मोठी कच्ची असतात. देठ ठेवून चार चिरा द्या आणि मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळी पडतात. सारणाला २५० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, १०० ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, ५० ग्रॅम तीळ, चार चमचे कांदा-लसूण मसाला, लिंबाएवढा गूळ, चिंचेचा कोळ, मीठ, कोथिंबीर. कुकरमध्ये करायचा मोह आवरा. खालच्या थराचं भरीत होतं. पसरट कढईत १५० मिलि तेलाची फोडणी, त्यात वांगी एका थरात, उरलेलं सारण वर, अर्धा तांब्या गरम पाणी. वर ताट ठेवून ताटात पाणी घाला. ते तापतं, आतली वाफ ताटाला लागून परत खाली पडते आणि वांगं करपत नाही. रस्सा कमी झाला तर ताटातलंच पाणी आत ओतायचं, म्हणजे गार पाणी पडत नाही. मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं, मध्ये एकदाच उलटायची, तीही देठाला धरून. कूट पाणी पीत राहतं. सहाला बरोबर वाटलेला रस्सा साडेआठला पिठल्यासारखा होतो. गरम करताना वाटीभर उकळतं पाणी लागेल हे धरूनच चला.

वेळेचा हिशेब असा. कूट, खोबरं, तीळ, चटणी आदल्या रात्री. कांदा मात्र आदल्या दिवशी चिरून फ्रीजमध्ये ठेवू नका, वास येतो. चार वाजता मोठ्या बर्नरवर कुकर, लहानावर कांदा. मसुराचे दोन घाणे उतरेपर्यंत मसाला तयार होतो, आणि सव्वापाचला अख्खा मसूर झालेला असतो. तेवढ्यात सासूबाईंनी वांगी भरून ठेवली तर पावणेसहाला तीही होतात. मग ओटा पुसून घ्या. सव्वासहाला चहा ठेवा, बरोबर भडंग. उन्हाळ्यात सातच्या सुमारास कोणालातरी सांगून दोन्ही भाज्यांना एकदा सणसणीत उकळी आणायची. सात वाजून पन्नास मिनिटांनी भात. ६०० ग्रॅम तांदूळ आणि दुप्पट पाणी पाच लिटरच्या कुकरच्या अर्ध्यात बसतं. भाकरी असताना ६०० पुरतो. भाताचा कुकर खाली उतरला की दोन्ही बर्नर भाज्यांसाठी मोकळे. कोशिंबिरीला एक किलो काकडी आणि अर्धा किलो दही. काकडी चोचवून पिळून ठेवा. दही, मीठ, कूट वाढायच्या वेळी. मीठ आधी घातलं की पाणी सुटून ताक होतं.

श्रीखंड डेअरीतून सव्वा किलो आणा. चक्का टांगणं, साखर फेटणं, गाळणं हे घरी करण्यात मजा आहे, पण त्या दिवशी नाही.

प्रश्न : बोलावले दहा आणि आले चौदा, किंवा उलट. याला काही उपाय?
– एक वाचक, सातारा

आदल्या दिवशी एकेकाला फोन करा. ग्रुपवर ‘येतो’ लिहिणाऱ्यांवर स्वयंपाक करू नये. तरीही दोन-चार वाढले तर रस्शात पाणी वाढवू नका, सगळ्यांचंच जेवण बिघडतं. पिठलं टाका. दीड वाटी बेसनाचं पिठलं चौघा-पाचजणांना होतं आणि दहा मिनिटांत होतं. फोडणीत कांदा, लसूण, हिरवी मिरची, बेसनाच्या तिप्पट पाणी. पाणी उकळल्यावर एका हाताने पीठ भुरभुरवत दुसऱ्या हाताने हलवायचं, किंवा पीठ आधी गार पाण्यात कालवून ओतायचं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ एकदम टाकलं की गुठळ्या, आणि त्या मग रवीनेही मोडत नाहीत. बरोबर खर्डा असला तर नंतर आलेले लोक पिठलंच मागून घेतात, असा अनुभव बहुतेक घरांचा आहे.

प्रश्न : घरचं भडंग दुसऱ्या दिवशी मऊ पडतं. मसाला तळाशी बसतो तो वेगळाच.
– एक वाचक, मिरज

चुरमुरे आधीच सादळलेले असतात, तिथेच बिघडतं. अर्धा किलो चुरमुरे दोन तास कडक उन्हात, नाहीतर मंद आचेवर कढईत थोडेथोडे, बोटात चुरडल्यावर कुर्र आवाज येईपर्यंत गरम करा. १५० मिलि तेलात २०० ग्रॅम शेंगदाणे तळून काढा. त्याच तेलात दोन गड्डे सालीसकट ठेचलेला लसूण. लसूण तांबूस आणि कडक झालाच पाहिजे. ओलसर राहिला तर त्याचा ओलावा रात्रीतून चुरमुऱ्यांत जातो, ही दुसरी चूक. मग कढीपत्ता, तोही कुरकुरीत होईपर्यंत. गॅस बंद करून मिनिटभर थांबा आणि हळद, तीन चमचे तिखट, दोन चमचे मेतकूट, मीठ तेलातच घाला. चुरमुऱ्यांवर कोरडं टाकलेलं मीठ-तिखट तळाशी जातं, तेलातलं चिकटतं. पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावरच. चहाबरोबर माणशी ३५ ग्रॅम पुरतं. सांगली-मिरजेत राहून भडंग घरी करायचं की दुकानातून आणायचं, या वादात आम्ही पडत नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात दोघे जैन आहेत. कांदा-लसूण वेगळा ठेवला की झालं ना?
– एक वाचक, सांगली

तेवढ्याने भागत नाही. पहिली गोष्ट वेळ. अनेकजण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. सांगलीत डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातनंतर. साडेआठच्या जेवणाला त्यांना बोलावणं म्हणजे नुसतं बसवून ठेवणं. शक्य असेल तर बेत दुपारचा करा. नसेल तर त्या दोघांची पानं साडेपाचला वाढा, आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघं-तिघं बसवा. एकटं जेवायला कोणालाच बरं वाटत नाही.

दुसरी गोष्ट, कंदमुळं. कांदा-लसणाबरोबर बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं आणि ओलं आलंही जातं. सुंठ आणि वाळलेली हळद बहुतेकांना चालते. वांगं अनेकजण बियांमुळे खात नाहीत, म्हणजे भरली वांगी बाद. काहीजण कच्चं दही-ताक आणि डाळ एकत्र घेत नाहीत, त्यामुळे ताकाची बेसन लावलेली कढी करण्याआधी विचारा. चातुर्मासात आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या भाज्याही सोडलेल्या असू शकतात. पाळणं प्रत्येकाचं वेगळं असतं. ‘तुम्हाला काय काय चालत नाही?’ असं फोनवर सरळ विचारलेलं आवडतं. आडून आडून विचारण्याची गरज नाही.

करायचं काय? तूरडाळीची आमटी, हिंग-जिऱ्याची फोडणी, गोडा मसाला, आमसूल. विकतच्या गोड्या मसाल्याच्या पुडीवर कांदा-लसूण आहे का ते वाचा. दोडक्याची किंवा लाल भोपळ्याची भाजी, तिळाची चटणी, पोळ्या, भात, आणि दही-डाळ एकत्र चालत असेल तर श्रीखंड. एक किलो कणकेच्या घडीच्या पोळ्या अठ्ठावीस-तीस होतात, माणशी तीन धरा. हे सगळ्यांसाठीच केलं आणि बाकीच्यांना खर्डा-कांदा वेगळा ठेवला तर दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत. दोन स्वयंपाक करायचेच असतील तर जैन आधी करा, म्हणजे कढई, झारा, मिक्सरचं भांडं लसणाला लागलेलं नसतं.

प्रश्न : दहाजणांचं मटण करायचं आहे, त्यात चार शाकाहारी. अंदाज आणि क्रम सांगा.
– एक वाचक, कराड

आधी वार बघा. बुधवार, शुक्रवार, रविवार सोडून इतर दिवशी मटण खाणारेही हात मागे घेतात. संकष्टी, श्रावण, मार्गशीर्ष हेही कॅलेंडरवर पाहून घ्या. सहा खाणाऱ्यांना हाडासकट माणशी पाव किलो म्हणजे दीड किलो. ‘मला फक्त थोडा रस्सा’ म्हणणारे निघतातच, म्हणून पावणेदोन घ्या. मांडी, चाप आणि नळी मिसळून मागा. नुसत्या मांडीचा रस्सा पाणचट होतो, त्याला जोर हाडाने येतो.

हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवा. कुकरमध्ये चार चमचे तेलात कांदा, मग मटण, सुटलेलं पाणी आटेपर्यंत परता. दीड लिटर गरम पाणी घालून चार-पाच शिट्ट्या. मटण जून असेल तर दोन आणखी. आता अळणी पाणी गाळून वेगळं काढा. निम्म्यापेक्षा जास्त मटण सुक्यासाठी, उरलेलं रस्शात. वाटणाला दीडशे ग्रॅम सुकं खोबरं, चार कांदे, दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, सगळं वेगवेगळं भाजून. सगळं वाटण रस्शात ओतणं ही नेहमीची चूक. रस्सा दाट होऊन तोंडाला बसतो आणि वर तवंगही येत नाही. रस्शाला एक तृतीयांश, बाकी सुक्याला.

मटणाला हात लावायच्या आधीच वाटणाचा शाकाहारी वाटा काढून ठेवा. त्यात शेवग्याच्या शेंगा किंवा उकडलेला मसूर घातला की चौघांचा रस्सा झाला. पळी वेगळी, पातेलं वेगळ्या टोकाला, आणि वाढणारा हातही शक्यतो वेगळा. भाताचा एकच डाव दोन्हीकडे फिरला की शाकाहारी माणूस बोलत नाही, पण भात खात नाही.

प्रश्न : सकाळी आठजणांची बैठक असते. पोहे गार झाले की दगड होतात, आणि आल्याचा चहा कधीकधी फाटतो.
– एक वाचक, गोडोली, सातारा

पोह्यांना जाड पोहे ६०० ग्रॅम. भांड्यात भिजवू नका, चाळणीत नळाखाली धुवा आणि दहा मिनिटं निथळू द्या. दाणा दोन बोटांत दाबल्यावर मोडला पाहिजे. आत कोरडी कणी राहिली की गार झाल्यावर तीच दगड होते. ६०० ग्रॅम एकदम घरच्या कढईत हलत नाहीत, गोळे होतात. फोडणी एकदाच करून अर्धी बाजूला काढा आणि दोन घाणे करा. वाफ आणताना कडेने दोन चमचे पाणी शिंपडा. झाल्यावर वीस मिनिटं चांगले राहतात. बैठक लांबणार हे माहीत असेल तर तिखटमिठाचा सांजा करा, तो धीर धरतो.

चहा फाटतो तो दुधामुळे नव्हे, बहुतेक वेळा आल्यामुळे. ताज्या आल्यात दूध फाडणारा घटक असतो. आलं नुसत्या पाण्यात तीन-चार मिनिटं खळखळ उकळलं की त्याचा जोर जातो, त्यानंतर चहा पावडर आणि शेवटी दूध. दूध घातल्यावर वरून आलं किसू नका. आठ कपांना साडेचारशे मिलि पाणी, तेवढंच दूध, चहाचे आठ सपाट चमचे पावडर. साखर निम्म्या कपांत वेगळी द्यावी लागेल हे धरून चला. थर्मासमध्ये भरायचा असेल तर आधी गाळा आणि थर्मास गरम पाण्याने विसळा. पाऊण तासानंतर तो चहा कोणी मागत नाही.

प्रश्न : गोड म्हणून कंदी पेढे चालतील का? आणि जानेवारीत स्ट्रॉबेरी?
– एक वाचक, वाई

पेढे छान. खवा जास्त भाजलेला असल्यामुळे साध्या पेढ्यापेक्षा टिकतात, वाढायला डाव लागत नाही आणि उरले तर डब्यात देता येतात. माणशी दोन. फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवा, गार पेढा दाताला कडक लागतो. स्ट्रॉबेरी क्रीम करायचं तर माणशी शंभर ग्रॅम फळ. देठ धुतल्यानंतर काढा, आधी काढलं तर फळ पाणी पितं. साखर वाढायच्या दहा मिनिटं आधी, नाहीतर क्रीमचं सरबत होतं.

प्रश्न : उरलेलं अन्न पाहुण्यांबरोबर द्यावं का?
– एक वाचक, सांगली

भाकरी, चटणी, पेढे, भडंग खुशाल द्या. मसूर आणि वांगी वाढून झाल्याबरोबर काढली असतील तर द्या, पण गरम अन्न प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून नको. भात आणि कोशिंबीर देऊ नका. शिजलेल्या भातात उष्णता सोसणारे जंतूंचे बीजाणू उरलेले असतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उन्हाळ्याच्या रात्री सांगलीत तर दोन तासांच्या वर नकोच. घरासाठी ठेवायचा असेल तर पातेल्यात ढीग न ठेवता ताटात पसरून गार करा, लगेच फ्रीजमध्ये, आणि सकाळी फोडणीचा भात.